ताशी नऊ

"मागे मगर लागली होती का?"

हे एवढंसं वाक्य काटासाहेबांनी मोबाइलवर वाचायला घेतलं, तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. वाचून झालं, तेव्हा चहा सतरंजीवर होता आणि बायको दारात.

"काय झालं हो?"

"मला खोटारडा म्हणतोय."

"कोण?"

"कप्तान."

आता हा कप्तान काही कप्तान नव्हे. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. पण 'वल्हं आणि वारा' नावाचा होडीवेड्यांचा जो ग्रुप आहे, त्याचा तो ॲडमिन, आणि दुकानात बसून दिवसभर तो तिथे हुकूम सोडत असतो. ग्रुपवर माणसं पुष्कळ, होड्या त्या मानाने कमी. अर्ध्यांच्या होड्या फोटोतच तरंगतात. एक गृहस्थ दर आठवड्याला वादळातून वाचतात. ते वादळ हवामान खात्याला अजून एकदाही सापडलेलं नाही. दुसरे एक जण वाऱ्याचा वास घेऊन दिशा सांगतात, आणि त्यांना बारमाही सर्दी. कुणी फुशारकी मारायची, बाकीच्यांनी तिला टाचणी लावायची, मग सगळ्यांनी मिळून हसायचं, असा तिथला रिवाज. तो सगळ्यांना कळला होता, एकट्या काटासाहेबांना सोडून.

काटासाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. हे नाव त्यांना दुकानदारांनी ठेवलं. अर्धं वजनकाट्यावरून आणि अर्धं पायात मोडतो त्या काट्यावरून. उभी हयात त्यांनी लोकांची खोटी मापं पकडण्यात घालवली. मापात खोट काढायची ती दुसऱ्याच्या. त्यांच्या मापात कुणी खोट काढावी, हे म्हणजे न्हाव्याला तू टकला आहेस म्हणण्यासारखं झालं. टकला असला तरी त्याने ते ऐकून का घ्यावं?

त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं एवढंच: "आज तलावावर झकास वारा. आमची होडी ताशी नऊ." त्यावर कप्तानाने लिहिलं, "चौदा फुटी लाकडी होडी, तीत दोन पोक्त गृहस्थ, आणि ताशी नऊ? मागे मगर लागली होती का?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. वादळवाला हसला, सर्दीवाला हसला. तेही त्यांनी गिळलं असतं. पण त्या रांगेत शेवटचा चेहरा त्यांच्या साडूचा होता, आणि तो चेहरा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

काटासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी साडूला फोन लावला.

"तुम्ही हसलात."

"कशाला?"

"मगरीला."

"अहो, मगर चांगली होती," साडू म्हणाला.

साडू शाळेत चित्रकला शिकवतो. गोरागोमटा, गोल, स्वभावाने लोण्यासारखा माणूस. पण काटासाहेबांच्या मते तो जन्माला आला तोच 'अंदाजे' हा शब्द तोंडात घेऊन. किती वाजले विचारा, अंदाजे. पोरं किती विचारा, तर दोन म्हणायच्या आधी क्षणभर थांबतो.

"तुम्ही होडीत होतात," काटासाहेब म्हणाले. "मोबाइल तुमच्या हातात होता. आकडा तुम्ही वाचलात. 'नऊ' म्हणून ओरडलात तुम्ही. आणि आता त्या चष्मेवाल्याबरोबर मला हसता?"

"ओरडलो ना. नऊच होते. अंदाजे."

काटासाहेबांनी फोन ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची?

आता कप्तान माणूस तसा वाईट नाही. समोरचा तापलाय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने नमतं घेतलं. "काटासाहेब, रागावू नका," त्याने लिहिलं, "नऊ म्हणजे किलोमीटर म्हणताय ना? मग ठीक आहे." त्याने दार उघडून, बाजूला होऊन, 'या' म्हटलं होतं. शहाणा माणूस आत गेला असता, बसला असता, पाणी मागितलं असतं. काटासाहेबांना त्या 'मग ठीक आहे'मध्ये कीव दिसली. शिवी चालते, कीव चालत नाही. त्यांनी दोन बोटांनी मोबाइल बडवून काढला: "किलोमीटर रस्त्यावर असतात. पाण्यावर सागरी मैल असतात, हे मला चष्म्याच्या दुकानातून शिकायची गरज नाही. येत्या रविवारी तलावावर या. सगळ्यांदेखत ताशी नऊ काढून दाखवतो. नाही निघाले, तर होडी तुमची."

मग वादळवाल्याने लिहिलं, "मी येणार." त्यामागोमाग सगळेच येणार झाले.

ती होडी त्यांनी स्वतः बांधली होती, हे इथे सांगायला हवं. निवृत्तीनंतर माणसं एकतर छंद धरतात, नाहीतर घरच्यांना छळतात. काटासाहेबांनी दोन्ही केलं. इमारतीच्या मागच्या पत्र्याखाली फळी फळी मापून, तासून, घासून त्यांनी ती उभी केली. बिऱ्हाडकरू नाक मुरडत होते, बायको रंगाच्या वासाने शिंकत होती, आणि हे मिलिमीटरवरून सुताराशी भांडत होते. पण होडी झाली ती देखणी झाली. रविवारी सकाळी होडी टेम्पोत घालून, साडूला घेऊन ते तलावावर जात. होडीत बसलं की त्यांचा राग उतरत नसे, पण निदान बसत असे. घरी तो बसतच नसे, सारखा येरझाऱ्या घालायचा. बायकोला हे पक्कं ठाऊक होतं. रविवार दुपारपुरता तिला बरा नवरा मिळायचा, आणि तो त्या होडीतून यायचा.

म्हणून तिने मोबाइल मागून घेतला आणि सगळं भांडण पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "नऊ काय?"

"नऊ म्हणजे नऊ."

"हो, पण नऊ काय? किलो, मीटर, डझन?"

काटासाहेबांनी मोबाइल परत घेऊन आपला मजकूर पाहिला. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्यांसमोर उभं राहून हाच प्रश्न विचारला होता. आकड्यापुढे एकक नसेल तर तो आकडा नव्हे, ती अफवा आहे, असं ते नव्या निरीक्षकांना शिकवायचे. आणि स्वतः काय लिहून बसले होते? ताशी नऊ. पुढे काही नाही. त्यांनी पुन्हा साडूला फोन लावला.

"त्या दिवशी मोबाइलवर नवाच्या खाली काय लिहिलं होतं?"

"होतं काहीतरी बारीक अक्षरात."

"काय होतं?"

"अंदाजे किलोमीटर असावं."

सागरी मैल म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. म्हणजे होडीचा खरा वेग जेमतेम पाच सागरी मैल. कप्तानाने जे विचारलं होतं ते अगदी खरं होतं, आणि ते खरं काटासाहेबांनी स्वतःच्या हाताने, सगळ्या ग्रुपसमोर, खोटं ठरवून ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग लिहा ना तसं," बायको म्हणाली. "चुकलं म्हणावं. किलोमीटर म्हणायचं होतं."

आता 'माझं चुकलं' हे वाक्य काटासाहेबांनी म्हटलंच नसतं असं नाही, पण त्यांच्या तोंडाला सवय नव्हती. दोनदा त्यांनी मोबाइल उचलला. दोन्ही वेळा ती मगर दिसली, मगरीखाली साडू दिसला, आणि मोबाइल परत गादीवर आपटला गेला. शेवटी ते म्हणाले, "नऊ म्हटलंय ना, मग नऊ निघतील. सागरी निघतील."

म्हणजे मापात आधी खोट करायची आणि मग माल मापाला जुळवायचा. हाच धंदा करणाऱ्या किती जणांची वजनं त्यांनी जप्त केली होती. ते त्यांना आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणून त्यांचा राग आणखी वाढत होता.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे प्रत्येक मजल्यावर असतात. वरचे दातांचे डॉक्टर खाली आले, त्यांनी होडीच्या पोटाखाली विजेरी मारून पाहिलं आणि 'आ करा' म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. "घर्षण," ते म्हणाले. "बुड दातासारखं गुळगुळीत पाहिजे." म्हणून काटासाहेबांनी दोन दिवस बुड घासलं. ते इतकं गुळगुळीत झालं की होडी लाकडी घोडीवरून घसरली आणि खाली लावलेल्या डॉक्टरांच्याच स्कूटरवर बसली. डॉक्टर मग घर्षणाबद्दल बोलले नाहीत, स्कूटरबद्दल बोलले.

समोरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "वजन कमी करा." काटासाहेबांनी होडीतली बसायची एक फळी काढली, वल्ह्यांची एक जोडी काढली, पाणी उपसायचं डबडंही काढलं. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या पोटाकडे बघून म्हटलं, "आणखीही काढण्यासारखं आहे." त्या दिवसापासून त्या दोघांचं बोलणं बंद आहे.

मग शीड मोठं करायचं ठरलं. शीड शिवणारा कुठे शोधायचा? कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. त्याने जुनं शीड टेबलावर पसरलं, गळ्यातली टेप काढली आणि विचारलं, "अंगासरशी ठेवू की ढगळ?"

"मोठं करायचंय. वारा भरला पाहिजे."

"म्हणजे ढगळ. मग खाली चुण्या घेऊ का?"

"चुण्या नकोत."

"घेतल्या तर उठून दिसेल," शिंपी म्हणाला, आणि काटासाहेबांच्या कपाळावरची शीर बघून पुढचं बोलला नाही. पण कापड काटासाहेबांनीच आणून द्यायचं होतं, आणि हवं तसं घट्ट विणीचं कापड घरात एकच होतं. संध्याकाळी बायको दिवाणखान्यात आली, तर खिडकीला पडदे नव्हते. समोरचे मॅनेजरसाहेब त्यांच्या खिडकीत उभे होते. त्यांनी हात हलवला. बायकोने नुसता दिवा घालवला आणि नवऱ्याशी तीन वाक्यांचा हिशोब अंधारातच केला. त्यातलं शेवटचं होतं, "पडदे परत आले नाहीत, तर तुम्हीही येऊ नका."

एवढं झालं तरी तलावाचं कार्यालय बाकीच होतं. चार माणसं जमायची तर परवानगी हवी. तिथल्या कारकुनाने सावकाश विचारलं, "स्पर्धा आहे का?"

"नाही. एकच होडी आहे."

"एकच होडी म्हणजे तीच पहिली येणार. मग लोक कशाला येतायत?"

"वेग बघायला."

"म्हणजे स्पर्धा." त्याने अर्ज बाजूला ठेवला. "स्पर्धेला किमान दोन होड्या लागतात. तुमची एक आहे. म्हणून स्पर्धेची परवानगी देता येत नाही. आणि लोक जमणार म्हणजे स्पर्धा आहे, म्हणून बिनास्पर्धेचीही देता येत नाही."

काटासाहेब स्वतः सरकारी नोकरीत मुरलेले. असली उत्तरं त्यांनी लोकांना पुष्कळ दिली होती, पण ती घ्यायला कशी लागतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कारकून शांतपणे म्हणाला, "आपटा. टेबल सरकारी आहे." शेवटी 'प्रयोजन' या रकान्यात 'सहल' असं लिहून सुटका झाली. खरं सिद्ध करायला निघालेल्या माणसाला आणखी एक खोटं लिहावं लागलं, आणि परतीच्या वाटेवर ते दोन रिक्षावाल्यांशी आणि एका पत्रपेटीशी भांडले.

रविवारी तलावावर ग्रुप लोटला. वादळवाले छत्री घेऊन आले होते, सर्दीवाले रुमाल. कप्तान निळी टोपी घालून, हातात वेग मोजायचं आपलं यंत्र घेऊन उभा होता. हे यंत्र त्याचा जीव की प्राण. होडीत यंत्र घेऊन कुणी बसायचं यावर थोडी चर्चा झाली. "यांचे साडू बसतील," कप्तान म्हणाला. "जो स्वतःच्या साडूला हसतो, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस मिळायचा नाही."

होडीवर नवं शीड चढलं. त्यावर जांभळी फुलं होती. काठावर कुणीतरी खाकरलं. काटासाहेबांनी तिकडे असं पाहिलं की तो माणूस खरोखरच खोकू लागला.

होडी पाण्यात गेली. वारा चांगला होता. काटासाहेब सुकाणू धरून बसले होते, दात दातांवर. समोर साडू यंत्राची बटणं चाचपत होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शिडात वारा भरला, जांभळी फुलं फुगली, घासलेलं बुड पाण्यावरून सरसर निघालं, आणि काटासाहेबांना एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. एक, होडी खरंच सुरेख चालली होती. दुसरी, ही होडी आज जाणार. हे दुसरं त्यांनी रागावर ढकललं, पण तो राग नव्हता.

"नऊ," साडू ओरडला. "नऊ पूर्णांक एक."

काठावर गलका झाला. काटासाहेबांनी साडूकडे पाहिलं. साडू पाण्याकडे बघू लागला.

"यंत्र इकडे करा."

"काठावर गेल्यावर."

"आत्ता."

साडूने यंत्र पुढे केलं. मोठा आकडा, नऊ पूर्णांक एक. त्याच्या खाली बारीक अक्षरात किलोमीटर. एकक बदललं होतं. माणूस रंगाच्या बाटलीचं झाकण सरळ लावत नाही, पण हे बटण त्याला बरोबर सापडलं होतं.

"खोटं माप," काटासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

"होडी राहील," साडू म्हणाला.

होडी काठाला लागायच्या आत काटासाहेब उभे राहिले, आणि म्हणूनच ती हिंदकळली. "कप्तान," ते गरजले, "हे किलोमीटर आहेत. यांनी यंत्रात फेरफार केलाय. सागरी मैल पाचसुद्धा नाहीत. मी चुकीचं लिहिलं होतं. होडी तुमची."

कप्तानाने टोपी काढली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काटासाहेब, जिंकलात ना? मग टोमणे कशाला मारता? माझ्या यंत्रात किलोमीटर नाहीतच. मी आजवर कधी पाहिले नाहीत."

"पाहिले नाहीत म्हणजे नाहीत? हे बघा, खाली लिहिलंय." आणि खाली काय लिहिलंय ते दाखवायला त्यांनी यंत्र पुढे केलं, होडी पुन्हा हिंदकळली, आणि यंत्र डुबुक झालं. बुडबुडेही फार आले नाहीत.

कप्तानाने पाण्याकडे पाहिलं. मग मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ द्या. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, होडी कशी उडत होती ते. माझा धंदाच डोळ्यांचा आहे. मी शब्द मागे घेतो. ताशी नऊ, सागरी."

"पाच," काटासाहेब ओरडले.

"नऊ," ग्रुप म्हणाला.

"नऊपेक्षा जास्तच असेल," वादळवाले म्हणाले. "फेस बघितला का?"

काटासाहेब खरं बोलले होते तेव्हा या लोकांनी मगर काढली होती. आता खोटं त्यांच्या पदरात घालून हार घालायला निघाले होते. काटासाहेबांनी कप्तानाचा हात धरून त्याला होडीत बसवलं आणि स्वतःच्या मोबाइलवर सागरी मैल लावून तलावाला पुन्हा एक फेरी मारली. आकडा सव्वाचार आला. कप्तानाने तो नीट पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "माझं वजन आहे ना." होडी घ्या म्हटलं तर म्हणाला, "हरलेल्या माणसाला होडी देऊन त्याची आणखी लाज काढू नये." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जो तो आपापल्या घरी गेला.

काठावर दोघं साडू आणि होडी एवढेच राहिले.

"का केलंत?" काटासाहेबांनी विचारलं.

साडू पायाने वाळू उकरत होता. "मी हसलो म्हणून हे सगळं झालं," तो म्हणाला. "होडी गेली असती, तर तुम्ही मला रविवारी बोलावलं नसतं. आणि मला दुसरीकडे कुठेच कुणी बोलावत नाही. म्हणजे अंदाजे कुणीच नाही."

यावर काय बोलावं ते काटासाहेबांना सुचेना, आणि काही सुचलं नाही की त्यांना राग येतो. "खोट्या मापाने राखलेला माल जप्त होतो," ते म्हणाले. "कायदा आहे. माझ्यासाठी वेगळा नाही." त्यांनी होडी ओढून खुंटाला बांधली, खिशातून तार काढली आणि सुकाणूला आणि खुंटाला वेढे देऊन पिळून पिळून बंद केली. खात्याचा शिक्का निवृत्तीच्या दिवशीच सरकारजमा झाला होता, नाहीतर तोही मारला असता. शीड तेवढं सोडून त्यांनी काखेत घेतलं, कारण त्याशिवाय घरी जाणं शक्य नव्हतं.

"किती दिवस जप्त?" साडूने विचारलं.

"माझा राग जाईपर्यंत."

साडूने होडीला एक प्रदक्षिणा घातली. वाकून फळ्या बोटांनी दाबून पाहिल्या, जोड पाहिले. मग तो काळजीने म्हणाला, "लाकूड टिकेल का हो तेवढं?"